‘चालतंय तर हात लावू नका’

८ सप्टेंबर २०२५, सोमवार. भारतात संध्याकाळचे पावणेसात वाजले होते. पुण्या-बंगळुरूची ऑफिसं रिकामी होत होती, युरोपात दुपार होती आणि अमेरिकेत कामाचा दिवस सुरू होत होता. त्या सुमारास एनपीएम या जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक भांडारात काही पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या येऊन पडल्या. ‘चॉक’, ‘डीबग’ आणि त्यांच्यासोबतची इतर मिळून अठरा पॅकेजं. टर्मिनलवरची अक्षरं रंगवणं, चूक शोधायला मदत व्हावी म्हणून नोंदी छापणं अशी बारीकसारीक कामं ती करतात. पण जावास्क्रिप्टच्या बहुतेक मोठ्या प्रकल्पांत ती कुठे ना कुठे असतातच. या अठरा जणांची मिळून आठवड्याला दोनशे कोटींहून अधिक डाउनलोड होतात.

नव्या आवृत्त्यांत चोराचा कोड होता. वेबसाइट वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये तो दबा धरून बसे. कुणी क्रिप्टो चलन पाठवायला निघालं की घेणाऱ्याचा पत्ता काढून तिथे चोराचा पत्ता घाले. त्यातही मूळ पत्त्याशी दिसायला सर्वांत मिळताजुळता पत्ता निवडून, म्हणजे नजर फिरवून खात्री करणाऱ्यालाही संशय येऊ नये. दोन-अडीच तासांत प्रकार उघडकीला आला, त्या आवृत्त्या काढून टाकण्याचं काम सुरू झालं आणि चोरांच्या हाती फारसं लागलं नाही. पण तेवढ्या वेळात ज्यांनी बेसावधपणे आपले प्रकल्प ताजे केले, त्यांनी स्वतःच्या हातांनी चोराला आत घेतलं.

ही पॅकेजं सांभाळणाऱ्या माणसाच्या खात्यात चोर शिरले ते एका ईमेलच्या वाटेनं. एनपीएमच्या मदत कक्षाकडून आल्यासारखी ती दिसत होती. पत्त्याचा शेवट तेवढा वेगळा होता. खात्याची दुहेरी पडताळणी वर्षभरात अपडेट केलेली नाही, ती करा, नाहीतर १० सप्टेंबरपासून खातं बंद होईल, असा मजकूर होता. ‘अपडेट करा’ याच सूचनेचं आमिष दाखवून अपडेटची साखळी फोडली गेली.

आता दुसरी तारीख. ३ डिसेंबर २०२५. ब्राउझरमधले पडदे बांधण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘रिॲक्ट’ या लायब्ररीच्या टीमनं एक भोक जाहीर केलं. रिॲक्टचा जो भाग सर्व्हरवर चालतो त्यात ते होतं. लॉगिन न करता, केवळ एक विशिष्ट रचनेची विनंती पाठवून कुणीही परका माणूस तुमच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकत होता. धोक्याची श्रेणी दहापैकी दहा. ‘नेक्स्ट’ या प्रसिद्ध चौकटीत नेहमीच्या पद्धतीनं उभारलेलं, स्वतःचा एकही चुकीचा शब्द न लिहिलेलं ॲपसुद्धा त्याच्या तावडीत सापडत होतं. त्याच दिवशी दुरुस्त आवृत्त्या आल्या: १९.०.१, १९.१.२ आणि १९.२.१. काही तासांतच हल्ल्यांचे प्रयत्नही सुरू झाले. इथे ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणाऱ्यानं आपलं दार उघडं ठेवलं.

तीन महिन्यांच्या आत घडलेल्या या दोन घटना. पहिलीत घाई करणारा सापडला, दुसरीत थांबणारा. मग प्रोग्रामरनं करायचं काय?

या धंद्यातलं सर्वांत जुनं उत्तर म्हणजे ‘चालतंय तर हात लावू नका’. मॅनेजर ते सांगतात, अनुभवी सहकारी सांगतात, ग्राहकही सांगतो. सल्ला शहाणपणाचा वाटतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी तो खरोखर शहाणपणाचा असतो. वर्षानुवर्षं पाळला की मात्र त्यासारखा महागडा सल्ला दुसरा नाही. साधनं आणि प्लगिन ताजी ठेवणं हा रोजच्या कामाचा भाग आहे. त्याला वेळ लागतो, पद्धत लागते आणि जबाबदार माणूस लागतो. या तिन्ही गोष्टी दिल्या तर वरच्या दोन्ही तारखांना निभाव लागतो.

प्रकल्पाच्या पोटात

बँकेचं पान, रेल्वेच्या तिकिटाचं पान, शाळेच्या प्रवेशाचा अर्ज. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या अशा बहुतेक आधुनिक सॉफ्टवेअरच्या मुळाशी ‘पॅकेज डॉट जेसन’ नावाची एक छोटी फाइल असते. आपण बाहेरून काय काय आणलं आहे, त्याची ती यादी. त्यातली एक ओळ जवळून पाहू. समजा तिथे लिहिलंय: चॉक, ^५.६.०.

आकडे तीन. पहिला मेजर, दुसरा मायनर, तिसरा पॅच. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी हा संकेत नीट लिहून काढला आणि जावास्क्रिप्टच्या दुनियेनं तो उचलला. पॅच बदलला तर फक्त दुरुस्ती झाली आहे, मायनर बदलला तर भर पडली आहे पण जुनं मोडलेलं नाही, मेजर बदलला तर जुनं मोडू शकतं, असा तो करार. आकड्यांपूर्वीचं ^ हे चिन्ह म्हणजे कॅरेट. ‘मेजर तोच राहू दे, बाकी मिळेल तितकं नवं चालेल’ असं ते एनपीएमला सांगतं. त्याऐवजी ~ असेल तर फक्त पॅच बदलायला परवानगी. काहीच चिन्ह नसेल तर लिहिलंय तेच आणि तेवढंच.

८ सप्टेंबरला चॉकची घातकी आवृत्ती आली तिचा क्रमांक होता ५.६.१. म्हणजे कागदोपत्री एक साधी दुरुस्ती. वरच्या ओळीतलं कॅरेट तिला आनंदानं आत घेणार. आकड्यांचा करार माणसानं माणसाला दिलेला शब्द असतो. पॅच म्हणून आलेल्या वस्तूत खरोखर दुरुस्तीच आहे का, हे एनपीएम तपासत नाही.

या ठिकाणी दुसरी फाइल कामाला येते: लॉक फाइल. २०१७ साली एनपीएमच्या पाचव्या मेजर आवृत्तीपासून ती आपोआप तयार होऊ लागली. प्रत्येक पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती बसवली, तिचा डिजिटल ठसा काय, हे सगळं तिच्यात नोंदलेलं असतं. ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा दिली तर लॉक फाइलमध्ये आहे तेच बसतं, आणि दोन फाइलींत विसंगती असेल तर काम तिथेच थांबतं. त्या संध्याकाळी ज्यांच्या बिल्ड सर्व्हरवर ही आज्ञा होती आणि लॉक फाइल जुनी होती, त्यांच्यापर्यंत ५.६.१ पोचलीच नाही. एका आज्ञेतल्या एका शब्दाचा हा फरक. तरीही लॉक फाइल रिपॉझिटरीत न ठेवणारे, ‘कॉन्फ्लिक्ट येतो’ म्हणून ती उडवून नव्यानं बनवणारे प्रकल्प आजही भेटतात.

आणि यादीत दिसतं तेवढंच पोटात नसतं. तुम्ही पंधरा-वीस पॅकेजं मागता. ती आणखी काही मागतात, ती आणखी काही. ‘नोड मॉड्यूल्स’ या फोल्डरमध्ये शेकडो पॅकेजं कधी जमली, ते कळतही नाही. चॉक आणि डीबग बहुतेकांच्या घरात अशीच, दुसऱ्याचं बोट धरून आलेली असतात. ‘आम्ही तर चॉक वापरतच नाही’ असं छातीठोकपणे सांगण्याआधी ‘एनपीएम एलएस चॉक’ ही आज्ञा देऊन पाहावी.

जून महिन्याची गाडी

साधनं ताजी ठेवण्याचा प्रश्न जावास्क्रिप्टनं जन्माला घातलेला नाही. जावाच्या जमान्यात ज्यांनी ‘एक्लिप्स’वर काम केलं, त्यांना तो चांगला आठवत असेल. एक्लिप्स हे प्लगिनांनीच बनलेलं साधन. आयबीएमनं २००१ साली ते खुलं केलं, २००४ साली त्यासाठी स्वतंत्र फाउंडेशन झालं. प्रत्येक प्लगिनचा स्वतःचा अपडेटचा पत्ता, स्वतःचं वेळापत्रक आणि ‘मला अमुक प्लगिनची अमुक आवृत्ती हवी’ अशी स्वतःची अट. एक अद्ययावत केलं की दुसरं रुसायचं. त्यावर २००६ साली उपाय निघाला. ‘कॅलिस्टो’ या नावानं दहा प्रकल्प एकाच दिवशी, एकमेकांशी जुळतील असे तपासून बाहेर आले. मग दर जूनला अशी एक गाडी सुटू लागली आणि २०१८ नंतर ती दर तिमाहीला सुटते. सगळ्यांनी एका ठरलेल्या तारखेला एकत्र पुढे जायचं, ही त्यामागची कल्पना. आज मोठ्या प्रकल्पांत ठरावीक दिवशी अपडेट करण्याची जी शिस्त दिसते, तिच्यामागे हीच कल्पना आहे.

ब्राउझरमधल्या प्लगिनांची गोष्ट उलट्या टोकाची. सरकारी ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदारांनी डिजिटल सहीसाठी ब्राउझरमधल्या जावाची ठरावीक आवृत्ती वर्षानुवर्षं जपून ठेवली, कारण नवी टाकली की सही होत नसे. पण ज्या पायावर ती प्लगिनं उभी होती तो पायाच क्रोमनं सप्टेंबर २०१५ मध्ये काढून टाकला. फ्लॅशचं तेच झालं. २०१७ साली अडोबीनं तीन वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. ३१ डिसेंबर २०२० ला आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशनं मजकूर दाखवणंच थांबवलं. शिक्षणाची, प्रशिक्षणाची कितीतरी सामग्री त्या दिवशी बंद पडली. मुदत लपवलेली नव्हती. ती पाहण्याचं काम कुणावर सोपवलेलं नव्हतं.

न केलेल्या अपडेटचं व्याज

ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या ‘नोड’ची सतरावी आवृत्ती आली आणि जगभरच्या प्रोग्रामरांच्या पडद्यावर एकच लाल ओळ उमटू लागली: ‘डिजिटल एन्व्हलप रूटीन्स, अनसपोर्टेड’. कालपर्यंत होणारा बिल्ड आज फुटत होता आणि कोडमध्ये तर कुणी काहीच बदललं नव्हतं.

कारण तीन थर खाली होतं. नोडनं ‘ओपनएसएसएल’ ही कूटलेखनाची लायब्ररी तिसऱ्या मेजर आवृत्तीवर नेली होती. तिथे ‘एमडी-४’ ही १९९० सालची, केव्हाच कमकुवत ठरलेली पद्धत नेहमीच्या वापरातून बाजूला काढली होती. आणि वेबसाइटच्या फाइली बांधून देणाऱ्या ‘वेबपॅक’ची चौथी आवृत्ती फाइलींना ओळखक्रमांक द्यायला नेमकी तीच पद्धत वापरत होती. वेबपॅकच्या पाचव्या मालिकेत त्यावर नीट उपाय झाला. चौथ्यावरून पाचव्यावर जाणं हा काही दिवसांचा उद्योग होता. इंटरनेटवर मात्र एका ओळीचा तोडगा मिळत होता: जुनी पद्धत परत चालू करणारं ‘लेगसी प्रोव्हायडर’ हे सेटिंग. पुष्कळांना ते प्रकल्प ताबडतोब चालू करून देणारं औषध वाटलं आणि ती ओळ तिथेच राहिली. आजही एखादा जुना प्रकल्प हाती आला, की मी बिल्डच्या आज्ञेत ती ओळ आहे का ते आधी पाहतो. ती असेल, तर बाकीची साधनंही त्याच काळात थबकली असणार, हे बहुधा खरं निघतं.

व्याज चढतं ते असं. ब्राउझरमधली ॲप बांधण्याच्या ‘अँग्युलर’ या चौकटीची मेजर आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला दीड वर्ष आधार मिळतो. ‘एनजी अपडेट’ ही आज्ञा एका मेजरवरून पुढच्या मेजरवर जाताना बरेच बदल कोडमध्ये स्वतःच करून देते, पण एका वेळी एकच पायरी चढावी असं अँग्युलरची टीमच सांगते. दर वेळी पायरी चढणाऱ्याला एक-दोन दिवस लागतात. पाच पायऱ्या साचवणाऱ्याला पाचपट वेळ लागून भागत नाही. मधल्या काळात त्यानं वापरलेली तिसऱ्याची प्लगिनं बेवारस झालेली असतात, त्यांना पर्याय शोधावे लागतात, कधी पडदाच नव्यानं लिहावा लागतो. त्याआधीच्या अँग्युलर-जेएसचा आधार तर २०२१ च्या अखेरीस पूर्ण संपला. त्यावर बांधलेल्यांपुढे अपडेट हा मार्गच उरला नाही. उरलं ते पुनर्लेखन.

जेक्वेरीची गोष्ट आणखी घराजवळची. जॉन रेसिग यांनी २००६ साली आणलेली ही लायब्ररी आपल्याकडच्या असंख्य संस्थांच्या, महाविद्यालयांच्या, कार्यालयांच्या वेबसाइटींत आहे. एप्रिल २०२० मध्ये तिची ३.५.० ही आवृत्ती आली आणि वापरणाऱ्याच्या पानात परका कोड घुसवू देणारं एक भोक बुजलं. ते १.२ पासूनच्या सर्व आवृत्त्यांत होतं. तुम्ही ज्या साइटची जबाबदारी घेतली आहे ती ब्राउझरमध्ये उघडा, एफ-१२ दाबा, कन्सोलमध्ये जेक्वेरीची आवृत्ती विचारा. १.११ किंवा १.१२ असं उत्तर आलं, तर ती साइट बनवून पैसे घेऊन गेलेल्या माणसानंतर तिच्याकडे कुणीही पाहिलेलं नाही.

काही वेळा तर अपडेट म्हणजे काढून टाकणं. जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी पुरवणारी ‘पॉलिफिल’ नावाची एक चांगली सेवा होती. तिच्या पत्त्यावरून एक स्क्रिप्ट आणणारी ओळ हजारो लोकांनी आपल्या पानांत घातली. ब्राउझर सुधारले, गरज संपली, ओळ राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो पत्ता एका परक्या कंपनीनं विकत घेतला. ही सेवा मुळात उभारणाऱ्या अँड्र्यू बेट्स यांनी ती ओळ ताबडतोब काढा म्हणून जाहीरपणे सांगितलं. जूनमध्ये त्या पत्त्यावरून घातक कोड वाटला जात असल्याचं उघड झालं, तेव्हा एक लाखाहून अधिक साइटी त्याच्या पल्ल्यात होत्या. त्यांपैकी बहुतेकांना त्या ओळीचा काडीचाही उपयोग उरलेला नव्हता.

हत्यारंच फितूर झाली तर

आतापर्यंत बोललो ते प्रकल्पात जाणाऱ्या वस्तूंबद्दल. प्रोग्रामरच्या स्वतःच्या यंत्रावरची साधनं, म्हणजे एडिटर, त्याची एक्स्टेंशनं, कंपायलर, हा वेगळाच प्रांत आहे आणि तिकडे फार कमी लक्ष जातं.

२०१५ साली चीनमध्ये आयफोनची ॲप बनवणाऱ्यांना ‘एक्सकोड’ हे साधन ॲपलच्या सर्व्हरवरून उतरवायला फार वेळ लागे. फाइल अवाढव्य, वेग मंद. कुणीतरी तीच फाइल बायडूच्या साठ्यावर ठेवली आणि लोकांनी ती घेतली. ती फाइल बनावट होती. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ॲपमध्ये ती गुपचूप आपला कोड मिसळत होती. प्रोग्रामरनं लिहिलेला कोड स्वच्छ, ॲपलची छाननी पार, आणि तरीही ॲप बाधित. कोट्यवधी लोक वापरत असलेल्या वीचॅटची एक आवृत्तीही त्यात सापडली. नवी आवृत्ती घेणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ती कुठून घेतो हेही महत्त्वाचं, हा धडा ‘एक्सकोडघोस्ट’ या नावानं नोंदला गेला.

आज बहुसंख्य वेब प्रोग्रामर ‘व्हीएस कोड’ किंवा त्याच्या पोटातून निघालेला एखादा एडिटर वापरतात. त्यातलं प्रत्येक एक्स्टेंशन एडिटरच्या पूर्ण अधिकारानं चालतं. रंगसंगती बदलणारं एक्स्टेंशनसुद्धा तुमच्या फाइली वाचू शकतं आणि नेटवर्कवर बोलू शकतं. शिवाय ही एक्स्टेंशनं मूळ सेटिंगनुसार आपोआप अद्ययावत होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘ओपन व्हीएसएक्स’ या खुल्या बाजारातल्या काही एक्स्टेंशनांत ‘ग्लासवर्म’ सापडला. डोळ्यांना न दिसणाऱ्या युनिकोड चिन्हांत त्याचा कोड लपवलेला होता. कोड वाचणाऱ्याला तिथे रिकामी जागा दिसे. प्रोग्रामरच्या यंत्रावरून तो एनपीएम आणि गिटहबच्या किल्ल्या चोरायचा आणि त्या वापरून पुढे पसरायचा.

म्हणून महिन्यातून एकदा एडिटरमधली एक्स्टेंशनांची यादी उघडून बसावं. गेल्या वर्षी एका प्रकल्पासाठी टाकलेलं, आता न लागणारं काढून टाकावं. प्रकाशकाचं नाव पाहावं. जिथे पासवर्ड आणि किल्ल्या आहेत त्या यंत्रावर कमीत कमी एक्स्टेंशनं असावीत. न बसवलेल्या प्लगिनला अपडेट लागत नाही.

पलीकडची माणसं

साखळीच्या दुसऱ्या टोकाला माणसं आहेत, आणि पुष्कळदा एकटी. २२ मार्च २०१६ ला एका प्रोग्रामरनं पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादात चिडून आपली सगळी पॅकेजं एनपीएमवरून मागे घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ होतं: शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारा अकरा ओळींचा कोड. तेवढ्यानं जगभरचे बिल्ड फुटले. सुमारे दोन तासांत एनपीएमनं ते पॅकेज परत ठेवलं आणि पुढे पॅकेज मागे घेण्याचे नियमही कडक केले. २०१८ साली ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय पॅकेजच्या लेखकानं, स्वतःला त्याचा उपयोग उरलेला नसताना, मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाच्या हाती ते सोपवलं. त्या अनोळखी माणसानं बिटकॉइनच्या एका वॉलेटवर नेम धरून त्यात चोरीचा कोड घातला.

लेखकाला दोष देणं सोपं आहे. पण त्याच्या पॅकेजावर कंपन्या धंदा करत होत्या आणि त्याला कुणी एक पैसा देत नव्हतं. आपण ज्यांच्या खांद्यावर उभे आहोत त्यांना थकू द्यायचं आणि मग ते डगमगले की ओरडायचं, हे न्यायाचं नाही. कंपनीला ज्या पाच पॅकेजांशिवाय एक दिवस चालणार नाही, त्यांच्या लेखकांना प्रायोजकत्व द्यावं. ते जमत नसेल तर आपल्या प्रोग्रामरांना ऑफिसच्या वेळेत त्यांतल्या चुका दुरुस्त करून पाठवू द्याव्यात. तोही देखभालीचाच खर्च आहे.

टाइमशीटमध्ये नसलेली ओळ

पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात जे काम चालतं त्याचा मोठा हिस्सा दुसऱ्यानं लिहिलेलं सॉफ्टवेअर सांभाळण्याचा आहे. ग्राहक परदेशात, अंदाजपत्रक त्याचं, यंत्रावर काय बसवायचं याची परवानगीही त्याचीच. या धंद्यातल्या कुणाशीही बोला, तक्रार एकच: टाइमशीटमध्ये नव्या सोयीसाठी ओळ असते, बग दुरुस्तीसाठी असते, अपडेटसाठी नसते. केलेल्या अपडेटचं पडद्यावर काही दिसत नाही. डेमोत दाखवता येत नाही. बिल्ड फुटला तर मात्र करणाऱ्याचं नाव घेतलं जातं. मग नवा मुलगा पहिल्या आठवड्यात ‘आउटडेटेड’ची लांबलचक यादी पाहून उत्साहानं विचारतो, आणि त्याला तेच ठरलेलं वाक्य ऐकवलं जातं.

हे बदलण्याची संधी आता आली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीनं भांडवली बाजारातल्या संस्थांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली. तिच्यात सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, म्हणजे ‘एसबॉम’, ठेवण्याची अट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या यंत्रणेनं अशा यादीत काय असावं याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्या पोटात काय आहे हे सांगणं हळूहळू बंधनकारक होत चाललं आहे. यादी बनली की तिच्यातल्या आवृत्त्यांचं वयही दिसतं. टाइमशीटमध्ये ओळ मागणाऱ्या टीम लीडच्या हातात हा कागद भक्कम आधार आहे.

शाकारणी

कोकणात पावसाळ्यापूर्वी कौलारू घर शाकारतात. गळायला लागल्यावर कुणी छपरावर चढत नाही, आणि दर वर्षी सगळं छप्पर बदलतही नाही. फुटकी कौलं काढायची, सरकलेली बसवायची, वाशांकडे एक नजर टाकायची. सॉफ्टवेअरच्या साधनांची देखभाल हीच आणि एवढीच आहे. तिची पद्धत अशी सांगता येईल.

पहिली गोष्ट, अपडेटचे दोन वेगळे रस्ते ठेवा. नेहमीच्या अपडेटला घाई नको. नवी आवृत्ती बाहेर आल्यावर काही दिवस तिला मुरू द्या. ८ सप्टेंबरसारख्या घटना बहुधा तासांत किंवा एक-दोन दिवसांत उघडकीला येतात. अपडेट सुचवणाऱ्या ‘रेनोव्हेट’, ‘डिपेन्डाबॉट’ आणि एनपीएमऐवजी वापरता येणाऱ्या ‘पीएनपीएम’ या साधनांत अशी वाट पाहण्याची सोय आता आहे. ती चालू करा. सुरक्षेच्या जाहीर दुरुस्तीला मात्र थांबवू नका. ३ डिसेंबरसारख्या दिवशी निर्णय कुणी घ्यायचा, फोन कुणाला करायचा, हे आधी कागदावर ठरलेलं असू द्या.

दुसरी गोष्ट, वार ठरवा. आठवड्यातला किंवा पंधरवड्यातला एक दिवस, सकाळची वेळ. ‘एनपीएम आउटडेटेड’ आणि ‘एनपीएम ऑडिट’ यांची यादी समोर घ्या. पॅच आणि मायनर एकत्र करा, मेजर एका वेळी एकच करा आणि प्रत्येकासाठी वेगळी पुल रिक्वेस्ट ठेवा, म्हणजे फुटलं तर कुणामुळे हे कळेल. ऑडिटची प्रत्येक लाल ओळ सारखीच गंभीर नसते. केवळ बिल्डच्या वेळी लागणारं पॅकेज आणि ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये पोचणारं पॅकेज यांत फरक करा. ‘फिक्स फोर्स’ ही आज्ञा डोळे झाकून कधीही देऊ नका. ती मेजर आवृत्त्याही परस्पर बदलते.

तिसरी गोष्ट, चाचण्या. महत्त्वाच्या दहा वाटा, म्हणजे लॉगिन, शोध, पैसे भरणं, फॉर्म पाठवणं, आपोआप तपासणाऱ्या चाचण्या असतील तर अपडेटची भीती निम्म्याहून कमी होते. ज्या टीमकडे चाचण्या नाहीत ती अपडेट करत नाही, कारण काय मोडलं हे तिला ग्राहकाकडूनच कळतं. अपडेटची सुरुवात म्हणूनच पुष्कळदा चाचण्या लिहिण्यापासून करावी लागते.

चौथी गोष्ट, पॅकेज बसताना चालणाऱ्या स्क्रिप्टांना लगाम घाला. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवर पसरलेल्या ‘शाई-हुलूद’ या किड्यानं पाचशेहून अधिक पॅकेजं बाधित केली, ती या वाटेनं. बसवलं की कोड चालला आणि किल्ल्या गेल्या. पीएनपीएमची दहावी आवृत्ती अशा स्क्रिप्टा आपणहून अडवते. एनपीएममध्ये त्या बंद करण्याचं सेटिंग आहे.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट: जबाबदार माणूस. त्याचं नाव सगळ्यांना माहीत हवं. नोडच्या, चौकटीच्या, ब्राउझरच्या आधाराच्या मुदती त्याच्या कॅलेंडरवर हव्यात. नोडची अठरावी आवृत्ती ३० एप्रिल २०२५ ला निवृत्त झाली, ही तारीख फार आधीपासून जाहीर होती. ज्यांनी ती कॅलेंडरवर लिहिली होती त्यांना त्या दिवशी काहीही वेगळं करावं लागलं नाही.

हा अंक वाचणाऱ्यांत टीम लीड असतील, मॅनेजर असतील, स्वतःच्या छोट्या कंपनीचे मालक असतील. संस्थेची किंवा शाळेची वेबसाइट सांभाळणारे विश्वस्तही असतील. त्या सगळ्यांना विनंती आहे. दिवाळीनंतर पुढच्या तिमाहीचा आराखडा मांडाल तेव्हा त्यात ‘साधनांची देखभाल’ अशी एक ओळ घाला, तिच्यासमोर माणसाचं नाव लिहा आणि त्याला त्या कामाचे तास द्या. ज्यानं ते काम निमूटपणे केलं, त्याच्या वार्षिक मूल्यमापनात ते नोंदवा. आणि अपडेटनंतर बिल्ड फुटला तर त्याला बोल लावू नका. तो ग्राहकाच्या आधी तुम्हाला कळला, यासाठी त्याचे आभार माना.